गुरांच्या रोगचिकित्सेत अंतर्दर्शकाचे स्थान

एंडोस्कोप म्हणजेच अंतर्दर्शक या उपकरणाने मनुष्यवैद्यकात केवढे परिवर्तन घडवून आणले हे सर्वपरिचित आहे. जठरातील व्रण, आतड्यातील गाठ, मूत्राशयातील खडा या गोष्टी पूर्वी तर्काने ओळखाव्या लागत. आता त्या डोळ्यांनी पाहता येतात, आणि पाहत असतानाच त्यांवर उपचारही करता येतो. लोक याला ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात. दूरचे जवळ आणणे हे या उपकरणाचे काम नसले तरी शब्द रूढ झालेला आहे. साहजिकच पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, हेच उपकरण थोडे लांब व थोडे जाड करून घेतले म्हणजे गाईम्हशींच्या बाबतीतही ते तितकेच उपयोगी पडेल. ही समजूत बरोबर नाही. गाईच्या ज्या इंद्रियात अंतर्दर्शक सर्वांत सहज पोचतो तेथे तो फारच थोडे दाखवितो. आणि ज्या जागेकडे मनुष्यवैद्यकाचे लक्ष क्वचितच जाते अशा बोटभर जागेत, म्हणजे सडाच्या पोकळीत, त्याने गोवैद्यकाला अत्यंत मोलाचे साह्य केले आहे. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उपकरणाच्या घडणीविषयी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. फ्रँकफुर्ट येथील फिलिप बोत्सिनी याने मेणबत्तीचा प्रकाश नळीतून शरीराच्या आत सोडण्याची युक्ती काढली व १८०६ मध्ये ती लोकांपुढे मांडली. १८६८ मध्ये कुसमाउल याने तलवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळियाच्या घशातून सरळ नळी जठरापर्यंत नेली. १९०१ मध्ये हाम्बुर्ग येथे गेओर्ग केलिंग याने उदरात हवा भरून मूत्राशयदर्शकाच्या साह्याने उदरगुहेचे प्रत्यक्ष दर्शन घडविले. उदरदर्शनाचे हे पहिले प्रात्यक्षिक माणसावर नव्हे, तर कुत्र्यावर झाले होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ताठ नळीची अडचण दूर होण्यास १९५४ साल उजाडावे लागले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदर सिंग कपानी (हे मूळचे पंजाबातील मोग्याचे) यांनी त्या वर्षी असे दाखवून दिले की, काचेच्या हजारो सूक्ष्म तंतूंची जुडी वाकविली तरी तिच्या एका टोकाशी असलेले चित्र दुसऱ्या टोकाला जसेच्या तसे पोचते. पुढे हॉपकिन्स यांनीच ताठ नळीसाठी काचेच्या दांड्यांची भिंगयोजना तयार केली, आणि १९८० नंतर नळीच्या टोकाशीच सूक्ष्म कॅमेरा बसविण्यात येऊ लागला. गुरांच्या चिकित्सेत दोन्ही प्रकार वापरले जातात. नाक, श्वासनाल व अन्ननलिका यांसाठी लवचीक नळी लागते, तर सड आणि उदरगुहा यांसाठी ताठ नळी अधिक सोयीची पडते.

परंतु प्रकार कोणताही असला तरी एक अट कायमच राहते. भिंगासमोर मोकळी जागा हवी, आणि ती जागा वायूने किंवा स्वच्छ द्रवाने भरलेली हवी. चिखलात बुडविलेल्या दिव्याने काही दिसत नाही. माणसाचे जठर एका रात्रीच्या उपवासाने रिकामे होते, म्हणूनच ते पाहता येते. गाईचे कोठीपोट मात्र उपवासाने रिकामे होत नाही. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक आंबवण असू शकते, आणि चोवीस तास चारा तोडला तरी त्याचा थोडासाच अंश कमी होतो. तोंडावाटे किंवा नाकावाटे आत नेलेली नळी सुमारे एक मीटर लांबीची अन्ननलिका ओलांडून कोठीपोटात उतरते. तेथे वरच्या बाजूस साठलेल्या वायूच्या थरातून पोटाच्या छताचा थोडा भाग व चाऱ्याचा तरंगता गालिचा तेवढा दिसतो. ज्या जाळीपोटात तार अथवा खिळा रुतून बसलेला असतो ते पुढे व खाली, द्रवाच्या तळाशी असते. त्याच्या पलीकडची दोन पोटे तर या वाटेने अगम्यच आहेत.

आपल्याकडे या मर्यादेला विशेष महत्त्व आहे. चाऱ्याबरोबर गिळलेली तार जाळीपोटाची भिंत भेदून मध्यपटलाकडे व हृदयाकडे सरकते, आणि त्यातून पर्युदराचा किंवा हृदयावरणाचा दाह होतो. शहरांतील मोकाट गुरांच्या कोठीपोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचे मोठमोठे गोळे सापडतात. या दोन्ही प्रसंगी डाव्या कुशीत छेद घेऊन कोठीपोट उघडणे व हात घालून वस्तू काढणे हाच खात्रीचा उपाय होय. तेथे पाच बोटांची बरोबरी कोणतेही भिंग करू शकत नाही, कारण बोटांना उजेड लागत नाही. जाळीपोटाची हालचाल व त्याभोवतीचे चिकटबंध पाहावयाचे असतील तर श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण, म्हणजे सोनोग्राफी, बाहेरूनच अधिक माहिती देते. धातूची वस्तू क्ष-किरणांनी दिसते. म्हशींमध्ये आढळणाऱ्या मध्यपटलाच्या हर्नियात जाळीपोट छातीच्या पोकळीत शिरते. त्याच्याही निदानाचा भार याच दोन साधनांवर आणि अखेर हातावर आहे.

मात्र अन्ननलिकेपुरता अंतर्दर्शकाचा उपयोग आहे. आंब्याची कोय, उसाचे कांडे किंवा बटाटा अडकला असता पशुवैद्याचे पहिले कर्तव्य पोटफुगी कमी करण्याचे असते. त्यानंतर अडकलेली वस्तू कोणती, ती किती खोल आहे आणि ती निघाल्यावर अन्ननलिकेचे अस्तर फाटले आहे काय, हे या नळीने पाहता येते. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा समजावा, कारण फाटलेल्या अन्ननलिकेचे परिणाम काही दिवसांनी, आणि बहुधा उपाय हाताबाहेर गेल्यावर दिसू लागतात. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. नळी तोंडातून घालावयाची असेल तर जबड्यात मुखविस्फारक बसविल्याखेरीज ती घालू नये. गाईच्या दाढांखाली एकदा सापडलेली लवचीक नळी दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणेच सोपे पडते.

श्वसनमार्गात परिस्थिती पुष्कळच अनुकूल असते, कारण तेथे हवा असतेच. नाकपुडीच्या खालच्या मार्गाने नळी सरकवीत गेले की नासापोकळी, घसा, स्वरयंत्र व श्वासनाल ही क्रमाने दिसत जातात. वासरांच्या स्वरयंत्रातील कोथयुक्त दाह, ज्यात श्वास घेताना वासरू घरघरते व त्याच्या श्वासाला दुर्गंधी येते, एका दृष्टिक्षेपात ओळखता येतो. भारतीय गुरांतील घोरण्याचा रोग हे दुसरे उदाहरण होय. शिस्टोसोमा नेझॅली या पर्णकृमीमुळे होणाऱ्या या रोगात नाकाच्या अस्तरावर फुलकोबीसारखे मांसांकुर उठतात. या कृमीचे वर्णन १९३३ मध्ये मद्रासच्या राव यांनी केले. निदानाचा आधार आजही नाकाच्या स्रावातील बूमरँगच्या आकाराची अंडी हाच आहे व तो सूक्ष्मदर्शकाखाली अल्प खर्चात मिळतो. अंतर्दर्शकाची भर एवढीच की, अंकुर किती खोलवर पसरले आहेत हे त्याने कळते.

याच मार्गाने पुढे गेल्यावर शरीररचनेचा एक विशेष आढळतो, आणि त्याचा चिकित्सेशी जवळचा संबंध आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत उजव्या फुप्फुसाच्या अग्रखंडाकडे जाणारी श्वासनलिका मुख्य दुभागणीच्या आधीच, सरळ श्वासनालेच्या भिंतीतून फुटते. माणसात किंवा घोड्यात अशी रचना सामान्यतः नसते. वासरांच्या फुप्फुसदाहात बहुधा हाच अग्रखंड प्रथम व सर्वांत अधिक बिघडतो. आता, जंतुपरीक्षेसाठी फुप्फुस धुऊन द्रव काढण्याची नळी आंधळेपणाने आत ढकलली तर ती स्वाभाविकपणे सरळ खाली, मागच्या खंडात जाते. म्हणजे रोग एकीकडे आणि नमुना दुसरीकडे, असा प्रकार होतो. अंतर्दर्शकाने हे फुटवे डोळ्यांसमोर ठेवून नेमक्या खंडातील द्रव घेता येतो. कळपातील अनेक वासरे एकाच वेळी आजारी असता जंतू पाश्चुरेला आहे की मॅनहायमिया की मायकोप्लाझ्मा, यावर औषधाची निवड अवलंबून असते. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनाच्या जातीची औषधे त्यावर चालत नाहीत. तेव्हा नमुना योग्य जागेचा असणे ही गोष्ट गौण नाही.

मूत्रमार्गाविषयी दोनच शब्द पुरेत. गाईच्या मूत्रमार्गाच्या मुखाखाली एक आंधळी पिशवी असते व अननुभवी हाताची नळी नेमकी त्या पिशवीत शिरते; बोटाने ती दाबून धरली की वाट सापडते. हिमालयाच्या पायथ्याशी नेचा खाऊन गुरांना रक्तमूत्राचा जुनाट विकार जडतो. त्यात मूत्राशयाच्या अस्तरावरील रक्तस्रावी डाग व अर्बुदे मूत्राशयात हवा भरून प्रत्यक्ष पाहता येतात.

आता सडाकडे वळू. गाईचा सड बाहेरून जितका साधा दिसतो तितकी त्याची अंतर्रचना साधी नाही. खालच्या टोकाला सुमारे एक सेंटिमीटर लांबीची अरुंद वाहिनी असते. तिच्या अस्तरावरील केराटिनाचा थर व तिच्याभोवतीचे संकोचक स्नायू हेच जंतूंविरुद्ध कासेचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे संरक्षण होय. या वाहिनीच्या आतील तोंडाशी अस्तराच्या घड्यांची एक वर्तुळाकार रचना असते. तिला फ्यूर्स्टेनबेर्ग याच्या नावाने गुलाबाकृती असे म्हणतात. तिच्यावर दुधाची पोकळी असते. गाय उठताना तिचाच किंवा शेजारच्या जनावराचा खूर सडावर पडला, अथवा यंत्राने वा अंगठा मुडपून दूध काढताना सडाला सतत इजा होत राहिली, की पुष्कळदा कातडी अभंग राहते आणि आतले अस्तर मात्र फाटते. फाटलेला पापुद्रा गुलाबाकृतीजवळ लोंबत राहून झडपेसारखा वाहिनीचे तोंड बंद करतो. धार बारीक होते, वाकडी होते किंवा थांबते. सड भरलेला, पण दूध येत नाही, असे गोपालक सांगतो ती अवस्था हीच.

यावर जुना उपाय म्हणजे सडाच्या वाहिनीतून बारीक सुरी अथवा कर्तक घालून अडथळा कापणे. हे काम पूर्णपणे अंदाजाने चालते. आत नेमका पापुद्रा आहे, गाठ आहे की सर्व अस्तरच सुजले आहे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला ठाऊक नसते. तो वाहिनीचा संकोचक कापतो, चांगले अस्तरही खरवडतो, आणि दोन-तीन दिवस धार मोकळी सुटल्यावर त्या ओरखड्यांतून नवे मांसांकुर उगवून सड पुन्हा बंद होतो. दुसऱ्या वेळी सुरी अधिक खोल जाते. अखेरीस एक तर सड कायमचा बंद होतो, नाही तर त्याचा संकोचक निकामी होऊन दूध आपोआप गळू लागते व कासदाहाला वाट मोकळी होते.

१९९० नंतरच्या दशकात जर्मन भाषिक देशांतील पशुवैद्यक महाविद्यालयांनी सडदर्शनाची पद्धती बरीच पुढे नेली. तिचा क्रम असा. प्रथम सड रिकामा करून सडाच्या मुळाशी सभोवार लिग्नोकेनाचे बधिरीकरण करतात व मुळाशी रबरी पट्टा बांधतात. सडाच्या बाजूच्या भिंतीतून बारीक ट्रोकार घालून त्यातून काही मिलिमीटर जाडीचा ताठ अंतर्दर्शक पोकळीत नेतात, आणि वायू भरून सड फुगवितात. आता गुलाबाकृती वरून, समोरासमोर दिसते. वाहिनीतून खालून वर घातलेले कर्तक तिच्यातून बाहेर येताना दिसते, आणि जेवढा पापुद्रा रोगट तेवढाच कापता येतो. वाहिनीतूनच अंतर्दर्शक घालण्याची दुसरी रीत आहे. परंतु तीत ज्या जागी बहुतेक विकार असतात ती जागा नळीच्या मागे राहते, यास्तव बाजूची वाट श्रेष्ठ मानावी असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेवटी बाजूचे छिद्र शिवून वाहिनीत लहानशी खुंटी ठेवतात, आणि जखम भरेपर्यंत त्या सडाला पिळण्यापासून विश्रांती देतात.

या तपासणीचे खरे मोल केवळ कापण्यात नाही. कोठे कापू नये हे कळण्यातही आहे. विकार गुलाबाकृतीपुरता मर्यादित असेल तर यशाची आशा चांगली असते. पोकळीचे अस्तर दूरवर सोलवटलेले असेल, किंवा कासदाह आधीच जडलेला असेल, तर फारसे यश येत नाही, आणि ते मालकाला त्याच दिवशी स्पष्ट सांगता येते. पुन्हापुन्हा सुरी घालण्याचा खर्च, जनावराच्या वेदना व खोटी आशा ही तीनही वाचतात.

एका सडाची किंमत ती काय, असा प्रश्न येथे कोणी करील. कासेच्या मागच्या दोन भागांतून एकूण दुधाचा सुमारे साठ टक्के हिस्सा मिळतो. म्हणजे मागचा एक सड गेला तर तोटा चतुर्थांशाहून अधिक असतो, आणि उरलेले सड तो अंशतःच भरून काढतात. युरोपात अशी गाय मांसासाठी विकण्याचा पर्याय मालकापुढे असतो व शस्त्रक्रियेचा खर्च त्या किमतीशी ताडून पाहिला जातो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यान्वये बंदी असून २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु दोनतीन गाईंवर संसार चालविणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून सड गेलेली गाय सहजासहजी बाहेर जात नाही, ती तेथेच चारा खात राहते, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून सड वाचविण्याचे मोल परदेशी ग्रंथांतील हिशेबापेक्षा आपल्याकडे अधिक धरले पाहिजे.

अंतर्दर्शकाचे दुसरे मोठे क्षेत्र उदरगुहा हे होय. कोठीपोट आतून पाहता येत नसले तरी त्याच्या बाहेरची जागा पाहता येते, कारण उदरात वायू भरून आपल्याला हवी ती पोकळी तेथे निर्माण करता येते. उजव्या कुशीतून यकृत, ग्रहणी व आंत्रवपा दिसतात; यकृताचा तुकडा परीक्षेसाठी नजरेखाली घेता येतो. परंतु या पद्धतीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती चौथ्या पोटाच्या डावीकडील स्थानांतरामुळे. भरपूर दूध देणाऱ्या गाईंमध्ये, बहुधा व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, चौथे पोट वायूने फुगून कोठीपोटाखालून सरकते व डाव्या बरगड्यांच्या आत वर चढते. खुराक अधिक व वैरण कमी, रक्तातील कॅल्शियम उतरलेले, आणि वासरू बाहेर आल्याने उदरात झालेली मोकळीक, अशी कारणे एकत्र येतात. गाय खुराक सोडते, दूध उतरते. डाव्या बाजूस शेवटच्या बरगड्यांवर टिचकी मारून स्टेथॉस्कोपने ऐकले तर पितळी भांड्यासारखा टणत्कार ऐकू येतो. उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापिलेल्या संस्थेसारख्या संस्थांच्या प्रयत्नांनी महाराष्ट्रात संकरित गाईंचा प्रसार झाला. होल्स्टीन रक्ताचे प्रमाण व दूध जसे वाढते तसा या विकाराकडे लक्ष देणे भाग पडते. खिलार किंवा डांगी गाईवर शिकलेल्या पिढीला तो पाहण्याचा प्रसंग विरळाच आला असेल.

उदर उघडून चौथे पोट जागी आणणे व टाक्यांनी बांधणे ही प्रस्थापित पद्धती आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतून एक स्वस्त तोड पुढे आली : गाईला उताणे करून, टणत्कार ऐकून, उदरभित्तीतून चौथ्या पोटात सुई खुपसावयाची आणि दोऱ्याला बांधलेली आडवी दांडी आत सोडून पोट भिंतीशी जखडावयाचे. काम काही मिनिटांचे. पण सुई दुसऱ्याच इंद्रियात शिरण्याचा धोका मोठा. १९९८ मध्ये जर्मनीतील यानोवित्स यांनी याच दांडीला अंतर्दर्शकाची जोड दिली. उभ्या गाईच्या डाव्या कुशीतून अंतर्दर्शक घालून फुगलेले चौथे पोट डोळ्यांनी पाहावयाचे. बरगड्यांमधून ट्रोकार त्यात नेऊन वायू सोडून द्यावयाचा. त्याच वाटेने दांडी पोटात टाकून तिचे दोरे उदरात मोकळे सोडावयाचे. मग गाईला उताणी करून बेंबीच्या पुढील भागातून पुन्हा अंतर्दर्शक घालून ते दोरे चिमट्याने पकडून बाहेर काढावयाचे व कातडीवर बांधावयाचे. काही आठवड्यांत पोट व भिंत यांचा चिकटबंध पक्का होतो आणि दोरे कापून टाकता येतात. २००४ पासून गाईला मुळीच न पाडता, लांब शलाकेने दोरे आतूनच तळाच्या भिंतीपार नेण्याची सुधारित रीतही प्रचारात आली आहे.

या पद्धतीने भूक लवकर सुधारते असे काही तुलनात्मक प्रयोगांत आढळले. अन्य प्रयोगांत दुधाच्या बाबतीत उघड्या शस्त्रक्रियेहून फरक दिसला नाही. याचा अर्थ असा की, कुशल हाताने केलेली उघडी शस्त्रक्रिया आजही टाकाऊ ठरलेली नाही, आणि ज्या महाविद्यालयात वर्षाकाठी अशा दोन-चारच गाई येतात त्याने केवळ या एका कामासाठी महागडा संच घ्यावा काय, याचा विचार करावयास हवा. उपकरणे मागेही पडतात. गाईच्या बीजांडकोशातून बीजांडे काढण्यासाठी १९८० च्या सुमारास उदरदर्शनाचाच आधार घेतला जाई. १९८८ मध्ये हॉलंडात योनिमार्गे सोनोग्राफीच्या साह्याने ते काम होऊ लागल्यावर ती पद्धत मागे पडली.

दोन सावधगिऱ्या सांगितल्याच पाहिजेत. गुंगीसाठी झायलाझिन वापरताना घोड्याच्या मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा गाईला पुरतो. त्याहून अधिक दिल्यास गाय आडवी पडते, पोट फुगते, आणि गाभणकाळाच्या अखेरच्या महिन्यांत गर्भाशयाच्या आकुंचनामुळे गर्भपाताची भीती असते. शक्य तेथे खोडा व स्थानिक बधिरीकरण यांवरच भागवावे. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. लवचीक नळीतील अरुंद मार्गात स्राव वाळून राहतो व पुढच्या जनावरात क्षयासारखा रोग नेऊ शकतो. प्रथम नळी घासून धुणे, मग दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडात पुरेसा वेळ ठेवणे, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने रसायनाचा अंशही राहणार नाही अशी खळबळणे, हा क्रम मोडू नये. सडासारख्या नाजूक अस्तराला उरलेले रसायन जंतूइतकेच जाचक ठरते.

सडदर्शनाचा सराव मात्र जिवंत जनावरावर सुरू करण्याचे कारण नाही. म्हशींची कत्तल जेथे कायदेशीरपणे होते अशा कत्तलखान्यातून कास मिळविता येते, आणि म्हशीचा सड अभ्यासाला विशेष उपयुक्तही आहे. कारण त्याची वाहिनी गाईच्या वाहिनीपेक्षा लांब व संकोचक अधिक बळकट असतो, त्यामुळे गाईसाठी घडविलेली खुंटी व कर्तक तेथे कितपत चालतात हे आपल्याकडेच मोजून पाहिले पाहिजे. विद्यार्थ्याने प्रथम अंतर्दर्शकातून जे दिसले त्याचे चित्र वहीत काढावे, मग तोच सड उभा चिरून टेबलावर पसरावा, आणि दोन्हींची तुलना करून आपल्या डोळ्याने कोठे फसवले याची नोंद चित्राशेजारीच करावी.